वाहणारा कान : नुसता कोरडा करून भागत नाही

तुमच्या वर्गात किती जणांचा कान वाहतो? हा प्रश्न भर वर्गात विचारला तर बहुधा एकही हात वर होणार नाही. चष्मा लागला हे आपण सांगतो, दाढ किडली हेही सांगतो. पण कान फुटला आहे हे सांगायला मुले लाजतात. कानाला वास येतो आणि वासावरून चिडवणारे प्रत्येक वर्गात असतातच. मग कापसाचा बोळा आत सरकवायचा, त्यावर केस ओढून घ्यायचे आणि मागच्या बाकावर जाऊन बसायचे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अहवालात जगभरातील वाहत्या कानांच्या माणसांची संख्या ६.५ कोटी ते ३३ कोटी इतकी धरली होती. खालचा आकडा आणि वरचा आकडा यांत पाचपटीचे अंतर! प्रयोगवहीत कोणी असे उत्तर लिहिले तर मी त्याखाली तांबडी रेघ ओढीन. पण येथे दोष मोजणाऱ्यांचा नाही. जे लपवले जाते ते मोजायचे कसे? त्याच अहवालाप्रमाणे या लोकांपैकी सुमारे ६० टक्के लोकांना कमी ऐकू येते, आणि हा विकार ज्या देशांत फार आढळतो त्यांत आपला भारत आहे.

मी डॉक्टर नाही, पदार्थविज्ञान शिकवतो. मग या विषयात मी का पडावे? याचे कारण असे की वाहत्या कानाविषयी घरी, शेजारी, दवाखान्यात जे बोलणे होते ते सारे पू, जंतू आणि औषध यांचे असते. ज्या वस्तूचे नुकसान होते ती वस्तू मात्र एक यंत्र आहे, आणि फार सुरेख यंत्र आहे. यंत्राच्या बाजूने पाहिले म्हणजे उपचाराकडे पाहण्याची दृष्टी बदलते. कान वाहायचा थांबला की घरचे लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि विषय संपतो. माझे म्हणणे असे की तेथे विषय एकतृतीयांश संपलेला असतो. कान कोरडा झाला का, पडद्याचे भोक बुजले का आणि नीट ऐकू येते का, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत, आणि एकाचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचे मिळत नाही.

प्रथम यंत्र पाहू. बाहेरचा आवाज म्हणजे हवेतील कंपने. ऐकण्याचे खरे काम करणाऱ्या पेशी मात्र आंतरकर्णात, शंखासारख्या वळलेल्या पोकळीतील द्रवात असतात. हवेतून द्रवात ध्वनी शिरणे सोपे नाही. विहिरीत बुडी मारल्यावर काठावरच्या मंडळींचे बोलणे ऐकू येत नाही, हा अनुभव पोहणाऱ्यांना असेलच. ध्वनिलहरींना पाण्याकडून होणारा विरोध हवेच्या सुमारे ३५०० पट असतो. त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर पडणाऱ्या ध्वनिऊर्जेचा जेमतेम हजारावा भाग आत जातो, बाकीचा परत फिरतो. ऊर्जा हजारपट घटणे म्हणजे ३० डेसिबलची घट.

ही घट भरून काढण्यासाठी मध्यकर्ण आहे. कानाच्या पडद्याचा कंप पावणारा भाग सुमारे ५५ चौरस मिलिमीटर. त्याला चिकटलेली हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडे. शेवटच्या रिकिबीचा तळ आंतरकर्णाच्या एका खिडकीत बसतो; तिचे क्षेत्रफळ सुमारे ३.२ चौरस मिलिमीटर. मोठ्या पडद्यावर पडलेले बल छोट्या खिडकीवर एकवटले की दाब १७ पट होतो. खिळ्याचे टोक अणकुचीदार का करतात हे तुम्ही सातवी-आठवीत शिकलात, तेच हे तत्त्व. शिवाय हातोडा व ऐरण मिळून तरफेचे काम करतात आणि दाब आणखी १.३ पट वाढतो. दोन्हींचा गुणाकार केला तर सुमारे २२ पट, म्हणजे डेसिबलच्या हिशोबात २७. हवा आणि द्रव यांच्या सीमेवर गमावलेले ३० डेसिबल जवळजवळ सगळे परत मिळाले! कोणताही कारखाना नाही, वीज नाही. वाटाण्याएवढ्या जागेत तीन हाडे आणि एक दशांश मिलिमीटर जाडीचा पडदा.

आता या पडद्याला भोक पडले अशी कल्पना करा. पडद्याचे कामाचे क्षेत्रफळ घटले हा पहिला तोटा. दुसरा तोटा जास्त मजेशीर आहे (ज्याला होतो त्याला तो मजेशीर वाटत नाही, हे खरे). आंतरकर्णाला दोन खिडक्या असतात. रिकीब एका खिडकीतून द्रव आत ढकलते तेव्हा दुसऱ्या खिडकीवरची पातळ त्वचा बाहेर फुगते, म्हणून तर द्रव हलू शकतो. धड असलेला पडदा या दुसऱ्या खिडकीला आवाजापासून आडोसा देतो. भोक मोठे असेल तर आवाज आत शिरून दोन्ही खिडक्यांवर एकदम आदळतो. एकाच दाराला दोन्ही बाजूंनी दोन मुलांनी सारखे रेटले तर दार हलेल काय? लहान भोकाने साधारणपणे १० ते २० डेसिबल ऐकणे कमी होते, मोठ्या भोकाने ३० ते ४०. आणि पुवाने हाडांची साखळीच तुटली तर ५० ते ६० पर्यंत.

डेसिबलचे आकडे कोरडे वाटतात, म्हणून वर्गात त्यांचा अर्थ काय होतो ते सांगतो. आपल्या बोलण्यातील स्वर जोरकस असतात, व्यंजने दुबळी. ३०-४० डेसिबल कमी ऐकणाऱ्या मुलाला मागच्या बाकावर 'ताट', 'पाट' आणि 'काठ' यांतला 'आ' तेवढा ऐकू येतो. बाकीचे तो गुरुजींच्या ओठांवरून, फळ्यावरून आणि शेजाऱ्याच्या वहीवरून भरून काढतो. फळ्याकडे तोंड करून गुरुजी बोलले की त्याचा धागा तुटतो. शुद्धलेखनात तो मार खातो आणि प्रगतिपुस्तकावर 'लक्ष नसते' असा शेरा येतो. आमच्या महाविद्यालयात अनुनाद नळीचा प्रयोग असतो. नळीतील पाण्याची पातळी खालीवर करून आवाज सर्वांत मोठा कोठे होतो ते कानाने ठरवायचे. दर दोन-चार वर्षांनी एखादा विद्यार्थी असा निघतो की त्याला ती जागा सापडत नाही. चौकशी केली की लहानपणापासून कान वाहत असल्याचे कळते. दहावी, बारावी अशा परीक्षा तो अर्धे ऐकून पास झालेला असतो. अशा मुलाला मंद म्हणणाऱ्यांची मला कीव येते.

हा रोग होतो कसा हे थोडक्यात सांगतो. मध्यकर्णातून घशाकडे एक नळी जाते, तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. लहान मुलांत ती आखूड आणि बरीचशी आडवी असते, त्यामुळे सर्दी-पडशात नाकाघशातील जंतू सहज वर चढतात. पू साचतो, कान ठणकतो, पडदा फुटतो, पू बाहेर येतो आणि ठणका थांबतो. असे बहुतेक पडदे काही आठवड्यांत आपोआप भरून येतात. काहींचे मात्र येत नाहीत. भोकाच्या कडेवरून कातडी आत वळते, भोक कायमचे होते आणि बाहेरचे पाणी, घाण व जंतू यांना दार उघडे राहते. फुटलेल्या पडद्यातून दोन आठवडे किंवा अधिक काळ स्राव येत राहिला तर जागतिक आरोग्य संघटना त्याला जुनाट विकार म्हणते. काही तज्ज्ञ सहा आठवड्यांची किंवा तीन महिन्यांची मर्यादा धरतात. या जुनाट कानात ठाण मांडणारे जंतू बहुधा 'स्युडोमोनस' आणि 'स्टॅफिलोकॉकस' या जातींचे असतात. त्यांतला पहिला फार चिवट. ओल आवडणारा, आणि नेहमीच्या पुष्कळशा गोळ्यांना दाद न देणारा.

आता उपचार. सुरुवात नको त्या उपचारांपासून करतो, कारण घरोघरी पहिला मान त्यांनाच असतो. लसणाची पाकळी घालून कडकडीत केलेले तेल कोमट करून कानात सोडणे हा त्यांतला मुख्य. पडदा धड असेल तर तेल बाहेरच राहते. पडदा फुटलेला असेल तर ते भोकातून थेट मध्यकर्णात उतरते, तेथे साचते, आणि ओलसर उबदार जागेत जंतूंबरोबर बुरशीचीही सोय होते. काडी, केसांची पिन, पेनाचे टोपण यांनी कान कोरण्याबद्दल बोलायलाच नको. 'कान वाहू द्यावा, थांबवला तर पू मेंदूत जातो' असे सांगणारी वडीलधारी मंडळीही भेटतात. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे : पू आत जातो तो वर्षानुवर्षे वाहू दिलेल्या कानातूनच.

योग्य उपचाराची पहिली पायरी म्हणजे कान पुसणे. हे साधे काम आहे, पण रीतीने करायचे. स्वच्छ मऊ कापडाची किंवा टिपकागदाची पिळून वात करायची, ती कानात सरकवून थोडा वेळ ठेवायची, भिजली की काढून नवी घालायची. वात कोरडी बाहेर येईपर्यंत हे करायचे, आणि दिवसातून निदान तीनदा. केशाकर्षणाने पू वातीत चढतो. दिव्याच्या वातीत तेल चढते तसाच. दवाखान्यात हेच काम शोषण यंत्राने जास्त चांगले होते. अंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी बसवायचा, आणि कान वाहत आहे तोवर पोहणे बंद.

एवढ्याने कान बरा होतो काय? येथे मला एका चाचणीची हकीकत सांगायची आहे, कारण ती शाळेतल्या मुलांवरच झालेली आहे. केनिया देशातील किआंबू जिल्ह्यात वाहत्या कानांच्या ५२४ शाळकरी मुलांचे गट पाडले गेले. एका गटाचे कान नुसते पुसले. दुसऱ्याचे पुसून शिवाय कानात थेंब घातले आणि तोंडाने प्रतिजैविक दिले. तिसऱ्याला चाचणीच्या काळापुरता खास उपचार नव्हता. निष्कर्ष १९९६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सोळा आठवड्यांनंतर औषधे मिळालेल्या गटात ५१ टक्के कान कोरडे झाले होते. नुसत्या पुसलेल्या गटात २२ टक्के. आणि काहीच न केलेल्या गटात? तेथेही २२ टक्के!

हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा चमकलो. नुसते पुसणे व काहीच न करणे यांत फरक नाही! म्हणजे पुसणे निरुपयोगी आहे असे मात्र समजू नका. पू भरलेल्या कानात औषध घातले तर ते पुवावरच तरंगत राहील. पुसणे ही औषधासाठी केलेली वाट आहे. आणि तिसरा गट ठेवला नसता तर काय झाले असते पाहा. 'पुसल्याने पाचांपैकी एक कान बरा होतो' असे आपण आनंदाने सांगत सुटलो असतो. तुलनेसाठी गट का ठेवायचा हे शिकवायला मला याहून चांगले उदाहरण ठाऊक नाही.

त्याच चाचणीतील दुसरा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तो फारसे कोणी सांगत नाही. पडद्याचे भोक किती जणांचे बुजले? औषधांच्या गटात १५ टक्के, इतर दोन्ही गटांत १३ टक्के. कान कोरडे झाले निम्मे, पण भोके बुजण्यात जवळजवळ काहीच फरक पडला नाही. सुरुवातीला मी तीन वेगळे प्रश्न म्हटले ते यासाठी.

तुमच्यापैकी चौकस वाचकाच्या मनात एक शंका आली असेल : थेंब आणि गोळ्या एकदम दिल्या, तर गुण कशाचा? शंका रास्त आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा प्रयोगशाळेतला पहिला नियम. पुढे झालेल्या निरनिराळ्या चाचण्यांवरून याचे उत्तर मिळाले आहे. जुनाट वाहत्या कानासाठी सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या क्विनोलोन गटातील औषधाचे थेंब हे तोंडाने घेतलेल्या प्रतिजैविकापेक्षा जास्त गुणकारी ठरतात. याचे कारण साध्या अंकगणिताने पटते. ०.३ टक्के थेंबांच्या एका मिलिलिटरमध्ये ३ मिलिग्रॅम, म्हणजे ३००० मायक्रोग्रॅम औषध असते. त्याच औषधाची ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतली तर रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये जास्तीत जास्त २ ते ३ मायक्रोग्रॅम औषध सापडते. हजारपटीचा फरक! गोळी साऱ्या शरीरभर फिरते, थेंब जेथे हवे तेथेच पडतो.

जुने स्वस्त औषध चालेल काय, याचीही चाचणी केनियातच शाळकरी मुलांवर झाली आणि २००५ साली प्रसिद्ध झाली. दोन आठवड्यांनंतर सिप्रोफ्लॉक्सासिनच्या थेंबांनी ५९ टक्के मुलांचे कान कोरडे झाले, बोरिक ॲसिडच्या थेंबांनी ३२ टक्के मुलांचे. जागतिक आरोग्य संघटना लहान मुलांच्या जुनाट वाहत्या कानासाठी वात घालून पुसणे आणि दोन आठवडे क्विनोलोनचे थेंब असाच उपचार सांगते.

असे असूनही पालकांना चिठ्ठीवर गोळ्या हव्या असतात. गोळ्या नाहीत तो कसला उपचार, अशी आपली समजूत. ताप असेल, कानामागे सूज असेल, रोग पसरत असेल तर गोळ्या किंवा इंजेक्शने लागतातच, तो निर्णय डॉक्टरांचा. पण दर पावसाळ्यात कान वाहिला की तीच जुनी चिठ्ठी दुकानात दाखवून पाच दिवसांच्या गोळ्या आणायच्या आणि तीन दिवस घेऊन सोडायच्या, हा प्रकार मला अगदी चुकीचा वाटतो. कान बरा होत नाही आणि शरीरातले इतर जंतू त्या औषधाला सरावतात. शेजारच्या घरातली अर्धी बाटली आणून कानात घालणे तितकेच वाईट. जेंटामायसिन, निओमायसिन यांसारखी काही औषधे भोकातून आंतरकर्णात पोचली तर ऐकणाऱ्या पेशींनाच इजा करू शकतात, आणि त्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. कोणते थेंब घालायचे हे कानात पाहिलेल्या माणसानेच ठरवावे.

थेंब घालताना बाटली काही मिनिटे मुठीत धरून कोमट करावी. थंड थेंबांनी भोवळ येते. कानात थंड किंवा गरम पाणी गेले की चक्कर का येते याचा अभ्यास रॉबर्ट बारानी यांनी केला आणि त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आंतरकर्णातील तोल सांभाळणाऱ्या नळ्यांतला द्रव एका बाजूने थंड झाला की त्यात अभिसरण प्रवाह सुरू होतात, अगदी चुलीवरच्या पातेल्यातल्यासारखे. (जेथे वजनच जाणवत नाही तेथे असे प्रवाह होऊ नयेत, पण १९८३ साली 'स्पेसलॅब' या अंतराळ प्रयोगशाळेत हा परिणाम तरीही दिसला. म्हणजे बारानींचे उत्तर पुरे नव्हते. हा विषय पुन्हा केव्हातरी.) थेंब घातल्यावर कुशीवर पडून राहावे आणि कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा बोटाने काही वेळा दाबावा, म्हणजे औषध पिचकारीसारखे आत ढकलले जाते.

कान कोरडा झाला. आता दुसरा प्रश्न, भोकाचा. भोक बुजवण्याची माणसाची खटपट जुनी आहे. १६४० साली मार्कुस बांझर याने एका नळीच्या तोंडावर डुकराच्या मूत्राशयाचा पडदा ताणून ती कानात बसवण्याचा उपाय सांगितला होता! पण आजच्या शस्त्रक्रियेचा पाया जर्मनीत वुल्स्टाइन आणि झ्योल्नर या दोन शल्यतज्ज्ञांनी १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत घातला. त्याच सुमारास, १९५३ साली, झाइस कंपनीचा शस्त्रक्रियेसाठीचा सूक्ष्मदर्शक आला. हा योगायोग महत्त्वाचा होता. नऊ-दहा मिलिमीटर व्यासाच्या पडद्यावर उघड्या डोळ्यांनी काम करणार कसे?

शल्यतज्ज्ञ आधी भोकाची जुनी कड खरवडून ताजी करतात, म्हणजे थांबलेली वाढ पुन्हा सुरू होते. कानाच्या वर, कानशिलावरच्या स्नायूला एक पांढरे पातळ आवरण असते. त्याचा तुकडा काढून भोकाखाली पसरतात. हे ठिगळ म्हणजे वेलीसाठी बांधलेल्या मांडवासारखे आहे : पडद्याची कातडी त्यावर हळूहळू पसरते आणि काही आठवड्यांत सलग पडदा तयार होतो. अनुभवी हातांनी केलेल्या अशा दहा शस्त्रक्रियांपैकी साधारण आठ-नऊ यशस्वी होतात. लहान मुलांत हे प्रमाण थोडे कमी असते, म्हणून कोणत्या वयात करायची याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. हाडांची साखळी तुटली असेल तर त्याच रुग्णाचे हाड घासून, कूर्चेचा तुकडा घालून किंवा टायटेनियमचा छोटा भाग बसवून ती जोडतात. पदार्थविज्ञानाच्या भाषेत २७ डेसिबलचे यंत्र पुन्हा जुळवतात. शस्त्रक्रिया म्हटले की घरचे लोक घाबरतात हे समजण्यासारखे आहे. पण कानाला कायमचे भोक, दर सर्दीला वाहणे आणि अर्धे ऐकणे याची भीती कोणाला का वाटत नाही? सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया नित्याची आहे.

एका प्रकारच्या कानात मात्र थांबून चालत नाही. पडद्याच्या वरच्या भागातून कातडी आत खेचली जाते, तिची पिशवी बनते आणि मेलेल्या कातडीचे थर तिच्यात साचत जातात. याला कोलेस्टिॲटोमा म्हणतात. हा कर्करोग नव्हे, पण तो वाढता वाढता हाड खातो. अशा कानातून स्राव थोडा येतो, घाण वास मात्र फार, आणि दुखत बहुधा नाही, म्हणून तर फसगत होते. पलीकडे चेहऱ्याची नस आहे, तोलाचे इंद्रिय आहे आणि वर एका पातळ हाडापलीकडे मेंदू. थेंबांनी हा जात नाही. कानामागचे हाड उघडून तो साफ करावाच लागतो. येथे शल्यतज्ज्ञ कान सुरक्षित करण्याला पहिले स्थान देतात आणि ऐकण्याला दुसरे, आणि ते योग्यच आहे. वाहत्या कानाबरोबर चक्कर, तोंड वाकडे होणे, कानामागे सूज, जोराची डोकेदुखी, ताप किंवा उलट्या यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठायचे. परीक्षा दुसऱ्या दिवशी असली तरी.

तिसरा प्रश्न ऐकण्याचा. याची परीक्षा किती सोपी आहे ते पाहा. एका कानात बोट घालून ओठ मिटून गुणगुणा. आवाज कोणत्या कानात मोठा वाटतो? बंद केलेल्या! मध्यकर्णाची वाट बंद झाली की हाडांतून येणारा आवाज त्या कानात जास्त जाणवतो. याच तत्त्वावर १८५५ साली रिने यांनी नादकाट्याची चाचणी सांगितली. वाजता नादकाटा कानामागच्या हाडावर टेकवला असता तो कानासमोर धरल्यापेक्षा मोठा ऐकू येत असेल, तर बिघाड मध्यकर्णात आहे, म्हणजे बहुतेक दुरुस्त होण्यासारखा आहे. डॉक्टर त्यासाठी बहुधा ५१२ कंपनांचा काटा वापरतात. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेच्या कपाटातही तो असेल. नेमके डेसिबल मोजायला अर्थात श्रवणचाचणीचे यंत्र लागते, आणि वाहत्या कानाच्या प्रत्येक मुलाची ही चाचणी कान कोरडा झाल्यावर झालीच पाहिजे असे माझे ठाम मत आहे. ती केल्याशिवाय 'बरा झाला' हा शब्द कोणी उच्चारू नये.

शिक्षकांना आता दोन शब्द. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. या कार्यक्रमात सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांच्या तपासणीत जे विकार पाहायचे त्यांत मध्यकर्णाचा दाह आहे. तपासणी पथक येते तेव्हा वर्गशिक्षकाने कोणत्या मुलांकडे नीट पाहायचे हे सांगितले तर पथकाचे काम नेमके होते. ती नावे कशी कळणार? मुलाला हातभर अंतरावर पाठमोरे उभे करा, त्याला एका कानावर बोट हलके घासत ठेवायला सांगा आणि मागून हळू कुजबुजत आकडे व अक्षरे म्हणा; मग दुसऱ्या कानाची पाळी. कुजबुजलेले म्हणून दाखवता आले नाही तर नाव लिहून घ्या. हे वर्गासमोर करू नका, एकेकाला बाजूला घेऊन करा. कान वाहतो का, हेही तेव्हाच विचारा; एकांतात मूल खरे सांगते.

शस्त्रक्रियेचा क्रमांक लागेपर्यंत महिने जातात, कधी वर्ष जाते. तोवर त्या मुलाला पहिल्या दोन बाकांवर जागा द्यावी. त्याचा उजवा कान वाहत असेल तर त्याला फळ्याकडे तोंड केल्यावर उजव्या हाताला येणाऱ्या भिंतीलगत बसवावे, म्हणजे चांगला डावा कान वर्गाकडे आणि तुमच्याकडे राहील. डावा वाहत असेल तर याच्या उलट. आणि फळ्यावर लिहून झाल्यावर, वर्गाकडे तोंड करून मगच बोलावे.